सदऱ्यातला उन्हाळा

वच्छला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सातवा महिना लागला. सकाळपासून ओसरीवर पाय पुढे सोडून बसते आणि आईजवळ तक्रारींचा पाढा वाचते. पाय सुजतात. अंगातून उगाच वाफा निघतात. छातीला कपडासुद्धा सहन होत नाही. कुणी जरा मोठ्याने बोललं की डोळ्यांत पाणी येतं. तिची आई तिला समजावते की हे बाईच्या जातीला चुकलेलं नाही. मी आतल्या खोलीत सुपारी कातरत हे सगळं ऐकतो आणि मनात म्हणतो, पोरी, मला विचार. यातलं एक न् एक मला ठाऊक आहे. पण सासुरवाशीण लेकीला बापाने असलं काही सांगायची रीत नाही, म्हणून मी सुपारी कातरत राहतो.

घरामागच्या तिन्ही मोहांना फुलं आली आहेत. झुंजुमुंजू झालं की ती गळायला लागतात आणि सारी आळी टोपल्या घेऊन रानाकडे निघते. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी करून ठेवलेली असते, तिच्यावर ती पिवळट फुलं लांबूनही दिसतात. उन्हं चढली की अंगणात वाळत घातलेल्या मोहाचा वास घरभर भरतो. लोकांना त्या वासाने झिंग येते म्हणतात. मला गेल्या सालापासून त्याने जीव कोंडल्यासारखा होतो, कारण गेल्या साली हाच वास सुटला तेव्हा मी गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या सदऱ्यात बसून होतो.

परक्या मुलखातल्या माणसाला यात काय मोठंसं, असं वाटेल. म्हणून सांगतो. आमच्या या कुरखेड्याकडच्या झाडीत शिमगा झाला की पुरुषाच्या अंगावर कमरेच्या वर कापड राहत नाही. पाटील उघडा, गुराखी उघडा, पंचायतीत बसलेले पंचही उघडे. खांद्यावर एक पंचा, घाम पुसायला आणि माश्या वारायला. माझे थोरले भाऊ तर पार मृगापर्यंत आपलं पोट घेऊन ओट्यावर पडलेले असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात. उन्हाळ्यात सदरा घालून बसलेला माणूस म्हणजे एकतर पाहुणा, नाहीतर सरकारी कामावर आलेला. मी यातला कोणीच नव्हतो. मास्तरकीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, गावात जन्म गेला होता. तरी मी सदऱ्यात होतो आणि तो काढू शकत नव्हतो.

त्याच्या आधीच्या दिवाळीत माझी लघवी अडली. कंबर तर भादव्यापासूनच दुखत होती, पण भाताच्या रोवणीच्या चिखलात उभा राहिल्याने असेल म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. वडशाहून छोट्या आगगाडीत बसून नागपूर गाठलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि मला एकट्याला आत बोलावलं. माणूस बोलायला नीट होता, मास्तराशी मास्तरासारखं बोलला. म्हणाला, खालच्या ग्रंथीत कॅन्सर आहे आणि तो कमरेच्या हाडात उतरला आहे. ही गाठ पुरुषाच्या रसावर पोसते, तेव्हा तो रस तोडायचा. त्याचे दोन मार्ग. एक म्हणजे ऑपरेशन करून अंडंच काढून टाकायची. दुसरा म्हणजे बाईच्या रसाची गोळी रोज घ्यायची, जन्मभर.

पहिला मार्ग मी पुरता ऐकूनही घेतला नाही. मी गोळी मागून घेतली. पांढरी, एवढीशी, तुळशीच्या मंजिरीतल्या दाण्याहून जराशी मोठी. परतीच्या गाडीत ती बाटली खिशात धरून बसलो होतो आणि सुटलो असं वाटत होतं. घरी बायकोला सांगितलं की लघवीचं औषध आहे. ती म्हणाली, बरं. मग रोज सकाळी चहाबरोबर माझ्या तळहातावर गोळी ठेवायचं काम तिने आपल्याकडे घेतलं.

गोळीने गुण दिला, हे आधी कबूल करतो. पहिले आठ दिवस मळमळलं आणि मग कंबर अशी मोकळी झाली की मी बांधावरून चालत शेतावर जाऊन आलो. देवाला नारळ फोडला. महिन्या-दोन महिन्यांनी हिशेब उलटू लागला. भर थंडीत अंगातून आग उठायची, मानेवरून चढून डोक्यात जायची, आणि पाच मिनिटांत मी घामाने निथळलेला. पाय संध्याकाळी जोड्यात मावेनात. डोळ्यांना तर काही धरबंधच राहिला नाही. ज्या मास्तराच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प बसायचा, तो मी गाय व्याली म्हणून रडलो. आणि संक्रांतीच्या सुमाराला दोन्ही स्तनाग्रांखाली बोराएवढ्या गाठी हाताला लागल्या. मला वाटलं, रोग इथपर्यंत आला. डॉक्टरांना पत्र लिहिलं. कार्डावर लिहायची सोय नव्हती, आमच्या गावात कार्ड आधी पोस्टमन वाचतो. पाकिटातून लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं, इंग्रजीत, म्हणून सुरक्षित. हे गोळीमुळे आहे, घाबरू नका, गोळी चालू ठेवा.

शिमग्यापर्यंत बोरांची लिंबं झाली आणि त्यांच्याभोवती मांस धरलं. नाव घेऊन सांगायचं तर मला बाईसारखी छाती आली.

इसन म्हाली दर रविवारी दाढी करायला येतो. वाडीतल्या निंबाखाली पाट टाकून आम्ही समोरासमोर बसतो, गेली कितीतरी वर्षं. एका रविवारी त्याने वस्तरा गालावर फिरवला, धार बोटावर पाहिली, पुन्हा फिरवला. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, दाढीच नाई येऊन राह्यली तुमाले.” मी म्हटलं, वय झालं. तो म्हणाला, “हो, वय झालं.” त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. दर रविवारी येतो, साबणाचा फेस करतो आणि माझ्या गुळगुळीत गालांवरून पहिल्याइतकाच वेळ वस्तरा फिरवतो. गावात कुणाला बोललाही नाही. माणसाच्या चांगुलपणाचे जे थोडे पुरावे माझ्यापाशी आहेत, त्यांत हा मी वर ठेवतो.

बायकोच्या बाबतीत मात्र मी भ्याडपणा केला. नवराबायकोत जी एक ओढ असते ती माझ्यात एकाएकी संपली. वयाने मंद होते म्हणतात तशी नाही, दिवा फुंकल्यासारखी. मन होतं, माया होती, उलट वाढलीच होती, पण शरीर ओळख देईना. तिला हे सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी ओसरीवर वेगळी बाज टाकली आणि आत उकडतं म्हणून सांगितलं.  आठेक दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सदरा पूर्वीसारखा काचत नाही. उलटून पाहिला तर छातीच्या जागी आतून तिच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा शिवलेला होता. तिन्ही सदऱ्यांना. म्हणजे तिला कळलं होतं. मग मी तिच्यापुढे जास्तच मिटलो. आता मला याचा राग येतो, तिचा नाही, माझा.

आणि याच सगळ्यात वच्छलेचं लग्न ठरलेलं. मुलगा आरमोरीचा, शाळेत मास्तर, निर्व्यसनी. मुलाची आई मात्र पारखी बाई. बघायला आली तेव्हा घरात काही रोगराई आहे का, असं तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हणून सांगितलं. बैठकीत सदरा घालून बसलो होतो, पाहुण्यांसमोर ते शोभून गेलं. लग्न चैत्र उलटल्यावरचं धरलं, आणि पाहुणे बैलबंडीत बसून गेल्यावर मला हळद आठवली.

आमच्या लोकांत नवरीबरोबर तिच्या आईबापालाही हळद लागते. अंगणात मांडवाखाली दोन पाट मांडतात. बापाने उघड्या अंगाने पाटावर बसायचं आणि त्याला हळद लावण्याचा मान त्याच्या भावजयीचा. कपाळापासून पायापर्यंत ती हळद चोळते आणि चोळता चोळता थट्टा करते, पोटाची, पाठीची, टकलाची, मनात येईल त्याची. जितकी थट्टा जास्त तितकी माया जास्त समजायची. मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आलेल्या असतात, त्याही भोवती उभ्या राहून ऐकतात. बाप हळदीला बसला नाही तर त्याने पोर मनातून दिली नाही असं बोललं जातं आणि ते बोलणं पोरीच्या मागे सासरी जातं. आता माझी भावजय म्हणजे गंगावहिनी. आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. तिच्या जिभेला पाटीलही वचकून असतो. मोह गळायला लागल्यापासून रोज ती कुडावरून डोकावून मला विचारायची, “भाऊजी, साहेब येनार हाय का कोनी? सदरा काऊन काढून नाई राह्यले?” मी हसण्यावारी न्यायचो. अंघोळीला बोडीच्या तळ्यावर जायचं कधीच सोडलं होतं, न्हाणीत दार लावून दोन तांबे ओतून घ्यायचो.

मी विचार केला, शिकल्यासवरल्या माणसाचा विचार. डॉक्टरच लिहितात की हे गोळीमुळे आहे. तर गोळी बंद केली की हे उतरणार. भाताच्या बांधीचं तोंड फोडलं की पाणी उतरतं तसं. दीड महिना हातात होता. हळद निभली की पुन्हा सुरू करू. दुसऱ्या दिवसापासून मी गोळी जिभेखाली धरू लागलो. बायको आत गेली की ती काढायची आणि ओसरीच्या मातीच्या भिंतीला एक फट होती, तिच्यात बोटाने दाबून द्यायची. रोज न्हाणीत सुतळीने छातीचं माप घ्यायचो. सुतळीला गाठ मारून ठेवलेली. गाठ जिथे होती तिथेच राहिली, दोऱ्याइतकाही फरक नाही.

कमरेला मात्र फरक पडला. तिसऱ्या आठवड्यात पहिली कळ आली, चौथ्यात बाजेवरून उठताना खांब धरावा लागला. मोह वाळून कोठीत गेला, रानात तेंदूचं पान तोडायला लोक जाऊ लागले, गाव सगळं बाहेर, आणि मी ओसरीवर. पेन्शनीचं एक काम होतं. त्या साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता आणि कुठले तरी कागद नव्याने मागवले होते. त्यासाठी गडचिरोलीला जायचं होतं, तेही राहिलं. दुपारी चारी बाजूंनी झळा यायच्या, आतून वाफा उठायच्या, सदरा अंगाला चिकटायचा, आणि कूस बदलायची म्हटलं तर हाडात कळ. गोळी घ्यावी तर सदऱ्यात अडकतो, सोडावी तर बाजेवर. तिसरी वाट डॉक्टरांनी सांगितली होती, ती मला नको होती. शेजारच्या ओट्यावर दादा उघडेबंब घोरत पडलेले. त्यांच्या त्या केसाळ छातीचा मला द्वेष वाटायचा. सख्ख्या भावाच्या छातीचा. इतका खाली मी गेलो होतो.

लग्नघर म्हटलं की घराला छुई चढते, पांढऱ्या मातीचा हात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर पाहत आलो. पण लपवणाऱ्याची अक्कल लपवण्यापुरतीच चालते. लग्नाला पंधरवडा उरला तेव्हा बायकोने छुई कालवली आणि ओसरीच्या भिंतीला हात घातला. फटीशी आली, बोटाने जुनी माती उकरली, आणि गोळ्या तिच्या ओल्या हातावर घरंगळत आल्या. मी बाजेवरून पाहत होतो. तिने त्या मोजल्या नाहीत. हात न धुता माझ्यापाशी आली आणि खाली बसली.

मी सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द पहिल्यांदा तिच्यापुढे उच्चारला. हळदीचं सांगितलं, मुलाच्या आईने दोनदा विचारलं होतं त्याचं सांगितलं. लग्न मोडलं तर पोरीच्या जन्माचं नुकसान माझ्या छातीमुळे होईल, हे सांगताना रडलो. ती ऐकत होती. तिच्या कोपरापर्यंत पांढरी माती वाळत चालली होती. मग म्हणाली, “वच्छलेले दुसरा नवरा भेटन. मले नाई भेटत.” आणि उठून आत गेली, बाटलीतली गोळी घेऊन आली, आणि मी ती गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत समोरून हलली नाही.

पुढे पावसाळ्यात नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टरांना हे सांगितलं. ते रागावले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, एकदा वाढलेलं हे गोळी बंद करून सहसा उतरत नाही, मी लिहायला हवं होतं. आणि गोळीसुद्धा काही वर्षंच रोग धरून ठेवेल, मग रोग तिला जुमानणार नाही. यंदा थंडीपासून पाठीत कुठे कुठे दुखू लागलं आहे, तसं आधी दुखत नव्हतं. गोळी रोज घेतो आहे. वच्छला बाळंत होईपर्यंत हे घरात बोलायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

पण सांगत होतो ते हळदीचं. पंधरा दिवसांत कंबर बरीच सैल झाली, खांब न धरता मी पाटापर्यंत चालत गेलो. मांडवावर जांभळीच्या डहाळ्या टाकल्या होत्या, त्या उन्हाने मलूल झालेल्या. डफडं वाजत होतं. वच्छला आधीच पिवळीधमक होऊन एका बाजूला बसली होती. आरमोरीहून उष्टी हळद घेऊन बायका आल्या होत्या आणि त्यांत पुढे तिची सासू. बायको माझ्या शेजारच्या पाटावर बसली. गंगावहिनी हळदीचं ताट घेऊन आली, पदर खोचला आणि म्हणाली, “आता तरी काढा तो सदरा.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे पाहत होती. मला कळलं की आता ती काही बोलणार नाही, हे माझं मला करायचं आहे. त्याच वेळी अंगातून आग उठली, नेहमीची. कान तापले, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. मी बटणं काढली आणि सदरा डोक्यावरून ओढून बाजूला ठेवला.

मी हसण्याची वाट पाहत होतो. दीड महिना त्या हसण्याला भ्यालो होतो. ते आलंच नाही. बायका गप्प झाल्या. वहिनीचा पिवळा हात हवेतच थांबला. वाजवणाऱ्याचं लक्ष गेलं आणि डफडंही थांबलं. व्याहीणबाईंनी पदर तोंडाशी धरला होता, पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. त्या सगळ्या माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती मला ओळखीची होती. मी स्वतः शेवटच्या आजारात पडलेल्या माणसांच्या बाजेशी बसून त्यांच्याकडे तसंच पाहिलेलं आहे. जाणाऱ्या माणसाची कुणी थट्टा करत नाही. सदऱ्यात, बाजेवर, न्हाणीत दार लावून, इतके दिवस मी कोंडलेला होतो, पण त्या मांडवात, त्या गप्प बायकांच्या मधोमध जितका कोंडलो तितका कधीच नाही. वाटलं, कुणीतरी हसा. वच्छला मान वळवून पाहू लागली होती.

वहिनीने हात पुन्हा ताटात बुडवला. चांगला भरून घेतला. मग नेहमीच्या, कुडापलीकडे ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, “आता वो बाई. वच्छलेच्या इतक्या चोळ्या शिवल्या, भाऊजीची एक राहूनच गेली.”

पहिल्यांदा कोण हसलं सांगता येत नाही, मला वाटतं माझी बायको. आणि मग सगळा मांडव हसला. व्याहीणबाईंनी पदर सोडला आणि म्हणाल्या, “तुमी नका शिवू. व्याह्याची चोळी आमच्याकडून.” त्यावर पुन्हा हसू उसळलं, डफडं सुरू झालं, आणि मीही हसत होतो, मान खाली घालून, नाकातोंडातून, कारण तोंड वर करायची सोय नव्हती.

त्या गलक्यात वहिनी माझ्यापुढे उकिडवी बसली. कपाळाला, खांद्यांना, हातांना तिने खसाखसा हळद चोळली. छातीशी आली आणि तिचा हात एकदम हलका झाला, तान्ह्या पोराला तेल लावावं इतका. गलका चालूच होता. माझ्या तोंडाशी तोंड आणून, फक्त मला ऐकू येईल असं तिने विचारलं, “दुखते का भाऊजी?”

मी हो म्हटलं. डॉक्टर धरूनसुद्धा, तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं.